खराज, बटाई आणि धारा : एक चिकित्सा

इस्लामी अर्थविचाराचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार सामान्यतः बगदादपासून आरंभ करतात आणि इब्न खल्दूनपाशी येऊन थांबतात. त्यापुढील शतके त्यांच्या लेखनात जवळजवळ रिकामी राहतात. उलटपक्षी, दक्षिणेतील महसूलव्यवस्थेचे अभ्यासक मलिक अंबर व मुर्शिद कुली खान यांच्या बंदोबस्तांचे तपशील देतात, पण त्यामागे कोणता विचार उभा होता याचा विचार क्वचितच करतात. ग्रंथातील सिद्धान्त आणि शेतातील व्यवहार यांची अशी फारकत झाल्यामुळे दोहोंचेही मूल्यमापन अपुरे राहिले आहे. खेळणा व पूर्णा या नद्यांच्या संगमावरील जाफराबाद आणि त्याचा परिसर हे उदाहरण समोर ठेवल्यास ही उणीव कितपत भरून निघते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेस असलेला हा मुलूख बव्हंशी पावसावर अवलंबून. विहिरींची जोड असेल तेथेच बागाइताची सोय. अशा प्रदेशात महसुलाचा खरा प्रश्न एकच असतो : पाऊस न पडल्यास तोटा कोणी सोसावयाचा? इस्लामी विधिशास्त्राने या प्रश्नाची दोन उत्तरे दिली आहेत. खराज-ए-मुवज्जफ म्हणजे जमिनीवर ठरीव आकार, आणि खराज-ए-मुकासमा म्हणजे प्रत्यक्ष उत्पन्नातील हिस्सा. खलिफा हारून अल्-रशीद याच्यासाठी काजी अबू युसुफ (मृत्यू 798) याने लिहिलेल्या 'किताब अल्-खराज' या ग्रंथाचा मुख्य कौल दुसऱ्या पद्धतीकडे आहे. ठरीव आकारामुळे पीक बुडालेल्या वर्षी रयत देशोधडीस लागते आणि अखेर खजिन्याचेच नुकसान होते, हे त्याच्या युक्तिवादाचे सार होय. वाहत्या पाण्यावरील गहू व जव यांचा दोन पंचमांश भाग सरकारने घ्यावा, परंतु रहाटाने पाणी उपसावे लागत असेल तर तो तीन दशांशावर आणावा, अशी त्याची सूचना आहे. पावसाच्या पिकावर एक दशांश व उपशाच्या पिकावर एक विसांश हे उश्र या कराचे जुने प्रमाणही याच न्यायाने ठरलेले आहे.

आता 1652 साली औरंगजेब दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार झाल्यानंतरच्या घडामोडी पाहाव्या. 1630 ते 1632 चा भीषण दुष्काळ आणि दीर्घकाळची युद्धे यांनी मुलूख ओसाड झाला होता. बालाघाटचा, व पुढे सर्व दक्षिणेचा, दिवाण झालेल्या मुर्शिद कुली खानाने जो बंदोबस्त केला तो 'धारा' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात तीन पद्धती होत्या : नांगरामागे ठोक आकार, जमिनीची मोजणी करून आकारणी, आणि बटाई. बटाईमध्ये पावसाच्या पिकाचा निम्मा हिस्सा सरकारचा. विहिरीच्या पाण्यावरील धान्याचा मात्र एक तृतीयांशच. ऊस, द्राक्षे यांसारख्या पिकांवर, त्यांचा खर्च व पक्व होण्याचा काळ पाहून, एक नवमांश ते एक चतुर्थांश. शिवाय बैल व बियाणे यांसाठी रयतेस तकावी दिली जाई व ती सुगीनंतर हप्त्यांनी वसूल होई.

दोन्ही व्यवस्थांतील साम्य उघड आहे. ज्याने पाणी उपसण्याचे कष्ट केले त्याच्याकडून कमी घ्यावे, हा न्याय बगदादच्या काजीने मांडला आणि औरंगाबादच्या दिवाणाने पाळला. परंतु यावरून धारा ही शास्त्रग्रंथातून उतरलेली व्यवस्था होती, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. कौटिलीय अर्थशास्त्रातही उदकभागाचे प्रमाण असेच बदलते : हातांनी पाणी घातले तर पाचवा भाग, खांद्यावरून वाहिले तर चौथा, आणि यंत्राने प्रवाह वळविला तर तिसरा. कष्ट जास्त तेथे मागणी कमी, हा नियम कोणा एका धर्माची मिरास नाही; तो कोरडवाहू शेतीच्या अनुभवातून निपजलेला आहे. तसेच, पावसाच्या पिकातून अबू युसुफच्या सर्वोच्च प्रमाणापेक्षाही अधिक, म्हणजे निम्मा हिस्सा घेणारी ही धारा उदार होती, असेही सरसकट म्हणता येत नाही. 1668-69 मध्ये गुजरातच्या दिवाणास पाठविलेल्या औरंगजेबाच्या फर्मानात मुकासमा व मुवज्जफ यांचे शास्त्रोक्त विवेचन आढळते व निम्म्याहून अधिक घेऊ नये अशी मर्यादाही घातलेली आहे. परंतु दक्षिणेतील बंदोबस्त त्याआधीचा आहे. येथे शास्त्र व्यवहाराच्या मागून आले, पुढे चालले नाही.

सिद्धान्त व व्यवहार यांतील अंतराचा याहून बोलका पुरावा पुढील शतकांत मिळतो. वसुलीचा मक्ता देण्याच्या प्रथेचा अबू युसुफने कडक निषेध केला होता. मक्तेदार आपल्या नफ्यासाठी रयतेस पिळतो व जमीन उजाड करतो, हे त्याचे कारण. तरीही निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलूखच्या मुलूख सावकारांना व अरब जमादारांना मक्त्याने वा कर्जापोटी लावून दिले गेले. पहिले सालारजंग 1853 साली दिवाण झाले व त्यांनी ही प्रथा क्रमाने मोडून 1865 मध्ये जिल्हाबंदी केली. राज्यकर्त्याचा धर्म कोणता, यावरून त्याच्या राज्याची अर्थनीती ओळखता येत नाही, हे यातून स्पष्ट व्हावे.

विसाव्या शतकात 'इस्लामी अर्थशास्त्र' ही संज्ञा रूढ करण्यात याच संस्थानाच्या राजधानीतील विद्वानांचा वाटा मोठा आहे. मुहम्मद हमीदुल्ला, मनाझिर अहसन गिलानी, आणि उस्मानिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकविणारे अन्वर इक्बाल कुरेशी ही नावे या संदर्भात अग्रगण्य होत. कुरेशी यांच्या 1946 च्या ग्रंथाचा विषय व्याजाचा सिद्धान्त हा आहे, व त्यांचा वाद मुख्यतः पाश्चात्त्य अर्थशास्त्रज्ञांशी आहे. हे कार्य मोलाचे असले तरी त्याची मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. व्याजाचा निषेध आणि मुकासमेचा पुरस्कार यांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे : भांडवल पुरविणाऱ्याने किंवा सत्ता गाजविणाऱ्याने जोखमीत भागी झाल्याखेरीज लाभावर हक्क सांगू नये. पेढीच्या चर्चेत हे तत्त्व ठळक झाले. ज्या शेतात त्याची प्रथम कसोटी लागली, त्या शेताकडे तितके लक्ष गेले नाही.

या विस्मृतीची साक्ष मराठी भाषाही देते. जकात म्हणजे श्रीमंताने गरिबासाठी काढावयाचा वाटा. मराठीत तो नाक्यावरचा कर झाला. तकावीची तगाई झाली व ती सरकारी कर्जाचे नाव म्हणून टिकली. बटाई मात्र बटई या रूपाने शेतमालक व कसणारा यांच्यातील करार म्हणून उरली. तीत राज्याचा वाटा गेला, पण जोखीम वाटून घेण्याची कल्पना राहिली. शब्दांचा हा प्रवास कोणत्याही ग्रंथाइतकाच प्रमाण मानला पाहिजे.

तात्पर्य, इस्लामी अर्थविचाराचे मोल त्याच्या वचनांच्या भव्यतेवरून ठरणार नाही, आणि मध्ययुगीन व्यवस्थांचे मोल त्यांवर लावलेल्या धार्मिक नावांवरूनही नाही. जाफराबादच्या परिसरात ज्या वर्षी आभाळ कोरडे गेले, त्या वर्षी खळ्यावर कोणाच्या हाती किती धान्य उरले, हीच दोहोंची कसोटी होय.