फलकावरचे जीवनसत्त्व आणि ताटातली भाजी

एका शाळेच्या परसबागेत मुले तण काढत होती. पाचवीतील एका मुलीच्या मुठीत घोळीची जुडी होती. ती म्हणाली, "बाई, ही टाकून द्यायची? आमची आजी हिची भाजी करते." बाई म्हणाल्या, "असू दे गं, तण आहे ते. काढ." घोळ कुंपणापलीकडे गेली. शेजारच्या वाफ्याच्या टोकाला सुबक अक्षरांतला फलक होता : 'मेथी – लोह, कॅल्शियम, अ जीवनसत्त्व'. हे सारे घोळीतही असते, पण तिच्या नावाचा फलक कोणी रंगवला नव्हता.

बाईंना दोष देण्याचा हेतू नाही. त्याच आठवड्यात बाग पाहायला तपासणीची मंडळी येणार होती आणि वाफे स्वच्छ दिसायला हवे होते. प्रश्न आहे तो हा की, बाग कोणाला दाखवायची आणि कोणी खायची, याबद्दल आपल्याच मनात गोंधळ आहे.

शालेय पोषण बागांसाठी केंद्र शासनाने २०१९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तीन उद्दिष्टे आहेत. ताज्या भाज्यांमुळे कुपोषण आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांची कमतरता कमी व्हावी, मुलांना निसर्गाचा व बागकामाचा प्रत्यक्ष अनुभव मिळावा आणि भाज्यांतील पोषणमूल्यांचे व चटकमटक खाण्याच्या दुष्परिणामांचे ज्ञान वाढावे. तिन्ही चांगलीच आहेत. पण ती साध्य होतात का, हे विज्ञान शिकवणाऱ्यांनी तरी तपासून पाहायला नको का?

पहिले उद्दिष्ट साध्या गुणाकाराने तपासता येते. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. पटावर १२० मुले असतील तर रोज ६ किलो, आणि कामाचे २०० दिवस धरले तर वर्षाला १२०० किलो भाजी लागते. आता मेथी घेऊ. चांगल्या जमिनीत, वेळेवर पाणी मिळाले तर एका चौरस मीटरला पाऊण किलोच्या आसपास मेथी निघते. म्हणजे अख्ख्या गुंठ्याला साधारण ७५ किलो. शाळेचा भाजीखर्च निघाला बारा-साडेबारा दिवसांचा! वर्षातून तीन पिके काढली तरी सदतीस-अडतीस दिवस. शिवाय मेथी निवडल्यावर तिचे वजन किती उरते, हे घरी भाजी निवडणाऱ्या कोणालाही विचारावे. आणि आपल्यापैकी किती शाळांजवळ लागवडीजोगा, पाण्याचा पूर्ण गुंठा आहे?

तेव्हा परसबागेने कुपोषण हटते असे म्हणणे हे त्या चार वाफ्यांवर अन्यायच करणे आहे. ते काम धान्य, डाळ, अंडी आणि भाजीसाठी वेळेवर मिळणारे पैसे यांचे आहे. बागेकडे बोट दाखवून ती जबाबदारी पातळ होऊ नये.

तिसऱ्या उद्दिष्टाची, म्हणजे ज्ञानाची, गोष्ट अधिक उद्बोधक आहे. जागतिक भाजीपाला केंद्र या संस्थेने नेपाळमधील शाळांत बागा आणि त्यांना जोडून पाठ असा उपक्रम केला. काही शाळांत बाग, काही शाळांत नाही, अशी तुलनाही ठेवली. २०१७ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते : मुलांना भाज्यांविषयी अधिक माहिती झाली, भाज्या आवडतात असे ती अधिक सांगू लागली, पण त्यांच्या खाण्यातली भाजी वाढल्याचे दिसले नाही. लंडनमधील प्राथमिक शाळांच्या २०१४ सालच्या अभ्यासातही नुसत्या बागकामाने खाण्यात फरक पडल्याचा पुरावा फारसा हाती लागला नाही. मात्र ज्या शाळांत बाग रोजच्या कामकाजात खोलवर रुजली, तेथे मुले अधिक फळे-भाज्या खाताना आढळली. अर्थात, अशा शाळा मुळातच अधिक उत्साही असू शकतात. म्हणून या दुसऱ्या निष्कर्षावर फार भार टाकू नये.

फलक पाठ होतो, परीक्षेत उतरतो आणि ताटात भाजी तशीच राहते. याचे नवल वाटायला नको. 'तंबाखू आरोग्यास घातक' हे वाक्य तंबाखू मळणाऱ्यालाही पाठ असते.

मग आवड बदलते कशी? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लीन बर्च यांनी दोन वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग १९८२ साली प्रसिद्ध झाला. अनोळखी पदार्थ मुलांना जितक्या अधिक वेळा चाखायला मिळाला, तितका तो त्यांना अधिक आवडू लागला. पुढच्या अभ्यासांतूनही हेच दिसत गेले की, नव्या चवीशी गट्टी जमायला एक-दोन घास पुरत नाहीत, आठ-दहा वेळा तरी ती चव जिभेवर यावी लागते. आणि प्रत्येक वेळी चमचाभर पुरते.

हा चमचा महत्त्वाचा आहे. १२० मुलांचे पोट भरायला बाग अपुरी आहे, पण १२० चमचे काढायला वाफ्याचा एक कोपरा पुरतो. भाजी पोत्याने पिकवायची नसून थोडी थोडी, वारंवार आणि मुलांच्याच हातून ताटात यायला हवी, असे ठरवले तर लागवडीचे सारे गणित बदलते. एकदाच मोठा वाफा पेरण्याऐवजी दर दहा दिवसांनी एक ओळ पेरावी. वांगी-टोमॅटोचा हट्ट कमी करावा; जुलैत रोपे लावली तर ऐन बहर नेमका दिवाळीच्या सुट्टीत येतो आणि फळे कोण नेतो हे आपल्याला ठाऊक आहेच. महिन्याभरात हाती येणाऱ्या मेथी, माठ, राजगिरा, मुळा यांचा पाला बरा. शेवग्याचे एक झाड मे महिन्यातही तगून राहते.

दुसऱ्या उद्दिष्टाबद्दल एकच सांगायचे. उशिरा येणाऱ्या मुलाला 'जा, झाडांना पाणी घाल' म्हणून पाठवणाऱ्या शाळेने बागकामाच्या गोडीविषयी बोलू नये. आणि पाण्याच्या बादल्या मुलींनी, आळी करणे मुलांनी, ही वाटणी कुठून येते तेही पाहावे.

विज्ञान शिकवायला मात्र ही बाग फलकांपेक्षा पुष्कळ देते. मेथी निवडण्याआधी आणि नंतर तोलावी, उन्हात वाळवून पुन्हा तोलावी. पालेभाजी म्हणजे बहुतांशी पाणी, हे मुले स्वतः शोधतील. वनस्पतीतील लोह शरीर सहजी शोषून घेत नाही, लिंबातील क जीवनसत्त्व त्याला मदत करते आणि जेवणासोबतचा चहा अडथळा आणतो. हे कळले की भाजीवर लिंबू का पिळायचे, हा प्रश्न पाककृतीचा न राहता रसायनाचा होतो.

शेवटी घर. नेपाळमध्येच नंतर शाळेच्या बागेला मुलांच्या घरच्या परसबागेची जोड दिली गेली, पालकांनाही सामील करून घेतले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांच्या खाण्यातली भाजी खरोखर वाढलेली दिसली. शाळेत रुजलेली आवड घरच्या चुलीशी पोचली नाही तर वाटेतच कोमेजते, असा याचा अर्थ मी घेतो.

आपल्याकडे तर ही वाट उलटही चालू शकते. तांदुळजा, घोळ, चिवळ, टाकळा, कुर्डू यांची ओळख गावातल्या आज्यांना आपल्यापेक्षा अधिक आहे. शाळेत आहार शिजवणाऱ्या ताईंनाही आहे, पण परसबागेच्या बैठकीला त्यांना कोणी बोलावत नाही. पुढच्या पावसाळ्यात एक ओळ न खुरपता ठेवून पाहावी. त्यात आपोआप काय उगवते, त्यातले खाण्याजोगे कोणते, हे आधी मुलांनी घरी विचारून यावे. ओळखीची खात्री जाणत्यांकडून करून घ्यावी आणि मग ताईंनी सांगितल्याप्रमाणे ते शिजवावे. तपासणीच्या दिवशी ही ओळ अस्ताव्यस्त दिसेल. पाहुण्यांना तिच्याविषयी सांगायला घोळीची जुडी हातात धरलेली ती पाचवीतली मुलगी उभी करावी.