मधले नाव : माइक शिनोदा यांच्या रॅपविषयी

अमेरिकन रॅपगायक माइक शिनोदा यांचे पूर्ण नाव मायकल केंजी शिनोदा. जन्म ११ फेब्रुवारी १९७७ चा, कॅलिफोर्नियातील. वडील जपानी वंशाचे अमेरिकन, आई युरोपीय वंशाची. पहिले नाव पाश्चात्त्य, आडनाव जपानी आणि या दोहोंच्या मध्ये 'केंजी'. एरवी कोणाच्या लक्षातही न येणारे हे मधले नाव शिनोदांनी २००५ मध्ये एका गाण्याला दिले. त्यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीत हे गाणे सर्वांत महत्त्वाचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यांचे चाहते बहुधा ते मान्य करणार नाहीत.

चाहत्यांना शिनोदा ठाऊक आहेत ते 'लिंकिन पार्क' या गटामुळे. १९९६ मध्ये शाळासोबत्यांसह सुरू झालेल्या या गटाने काही काळ 'हायब्रिड थिअरी' हे नाव धारण केले होते. पुढे तेच २००० साली निघालेल्या पहिल्या अल्बमचे शीर्षक झाले. हायब्रिड म्हणजे संकरित. हा संकर रक्ताचा नव्हे, रॉक आणि रॅप या दोन गायनरीतींचा होता. २००१ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपलेला अल्बम हाच. त्यातील बहुतेक गाण्यांची बांधणी एकच आहे : शिनोदा कडवी रॅपमध्ये म्हणतात आणि चेस्टर बेनिंग्टन धृपद गातात. नांगरणी एकाची, पीक दुसऱ्याचे. या गाण्यांत घुसमट आहे, विश्वासघात आहे, पण कोणाचा, कोठे, कोणत्या साली, याचा पत्ता लागत नाही. गझलेतील 'तू' जसा कोणाचाही असू शकतो, तसेच हे दुःख कोणाचेही असू शकते. म्हणूनच ते जगभर गायले गेले. मात्र ज्या घरात शिनोदा वाढले, त्या घराचा इतिहास या गाण्यांत कोठेच नाही.

तो आला 'फोर्ट मायनर' या नावाखाली. नोव्हेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द रायझिंग टाइड' या अल्बमवर शिनोदांनी बहुतेक वाद्ये स्वतः वाजवली. जे-झी हे ख्यातनाम रॅपगायक त्याचे कार्यकारी निर्माते होते. अल्बम एकसंध नाही. स्वतःचा दबदबा सांगणारी काही गाणी या प्रकारातील नेहमीच्या साच्याची आहेत. लोकप्रिय ठरले ते विरहाचे एक गाणे, जे बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. 'केंजी' त्या वाटेने गेले नाही.

'केंजी'ची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला आणि त्याच्या आधारे जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत नेण्यात आले. त्यांपैकी दोन-तृतीयांश लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. कॅलिफोर्नियातील मंझनार छावणीत एकेकाळी १०,००० हून अधिक माणसे होती.

गाण्याची सुरुवात शिनोदांच्या स्वरात होत नाही. एक वृद्ध माणूस संथपणे, घरात बसून बोलावे तसा, आपल्या वडिलांनी जपानहून येऊन कसे बस्तान बसवले ते सांगतो. हे ध्वनिमुद्रण खरे आहे. शिनोदांनी आपले वडील आणि आत्या यांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांतील अंश गाण्यात जागोजागी ठेवले. त्यांच्या अधूनमधून शिनोदा केन नावाच्या एका कुटुंबवत्सल दुकानदाराची हकीकत रॅपमध्ये सांगतात : हल्ल्याची बातमी, जुजबी सामानानिशी सोडावे लागलेले घर, तारेचे कुंपण, युद्धानंतरचे परतणे आणि भिंतीवर रंगवलेला द्वेष. नावे बदलली आहेत, घटना खरी आहे, असे ते गाण्यातच सांगतात. आणि तरीही ही कथा आपण स्वप्नाच्या रूपात सांगत आहोत, असेही म्हणतात.

हा विरोध मला अर्थपूर्ण वाटतो. १९७७ साली जन्मलेल्या माणसाला १९४२ हे स्वप्नासारखेच दिसणार. पाहणारे कोण, तर वडील आणि आत्या. म्हणून कल्पनेचा भाग स्वतःकडे ठेवून साक्षीचा भाग त्यांनी साक्षीदारांना दिला आहे. रॅप ही मुळात 'मी'ची कला. आपल्या शाहिरांप्रमाणे रॅपगायकही शेवटी स्वतःचे नाव गोवतोच. शिनोदांनी नाव गोवले ते शीर्षकात, आणि तेही मधले.

या मधल्या नावाला १९४२ मध्ये काय किंमत होती, हे पाहिले म्हणजे शीर्षकाचे वजन कळते. छावणीत नेण्यासाठी एक-षोडशांश जपानी रक्तही पुरेसे मानले गेले. मंझनारमध्ये सुमारे १०० अनाथ मुलांसाठी वेगळी वसाहत होती आणि त्यांत मिश्र वंशाची मुलेही होती. पुढे काही मिश्र कुटुंबांना सूट मिळाली. पण त्या वर्षीच्या वसंतात एखादा निम्मा जपानी मायकल असता, तर त्याला मायकल म्हणून कोणी मोजले नसते.

गाण्यात उणिवा आहेत. काही ठिकाणी यमकासाठी वाक्य ताणले आहे. केन हा माणूस कमी आणि नमुना जास्त वाटतो. वृद्धांचे अडखळते बोलणे शेजारी असल्यामुळे रॅपचे सराईत बोल क्वचित बेगडी भासतात. अर्थात, साक्ष आणि कविता शेजारी ठेवण्याचे धाडस केले की ही तुलना टळत नाही.

हे गाणे २००५ मध्ये आले याचाही विचार करावा लागतो. सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेतील मुस्लिम नागरिक संशयाखाली वावरत होते. त्या काळात जपानी-अमेरिकन संघटना त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि मंझनारच्या वार्षिक यात्रेत मुस्लिमही सामील होऊ लागले. 'केंजी'मध्ये या वर्तमानाचा उच्चार नाही, आणि नसणे योग्यच आहे. जून २००७ च्या आधीच, म्हणजे त्या वर्षीच्या मे महिन्यातील 'मिनिट्स टू मिडनाइट' या अल्बममध्ये, शिनोदांनी इराक युद्धावर थेट रॅप केला. त्यात रोष आहे, पण 'केंजी'तील अडखळत्या आवाजांइतका तो मनात रुतत नाही.

२०१७ मध्ये बेनिंग्टन यांचे निधन झाले. जून २०१८ मध्ये शिनोदांचा 'पोस्ट ट्रॉमॅटिक' हा शोकाचा अल्बम आला. त्याच्या पहिल्याच गाण्याच्या शेवटी मित्रांनी फोनवर ठेवलेले निरोप ऐकू येतात. तेरा वर्षांनीही, स्वतःचे शब्द थकतात तेथे इतरांचे मुद्रित आवाज ठेवण्याची त्यांची रीत कायम होती. योगायोग असा की, त्याच महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने छावण्यांना वैध ठरवणारा १९४४ चा कोरेमात्सु निर्णय चुकीचा असल्याचे म्हटले, आणि त्याच निकालात प्रामुख्याने मुस्लिमबहुल देशांवरील प्रवासबंदी मात्र कायम ठेवली.

वर्गात हे गाणे वापरू इच्छिणाऱ्या अध्यापकांना एक सूचना. प्रथम रॅप बाजूला ठेवून केवळ मुलाखतींचे अंश ऐकवावेत, नंतर संपूर्ण गाणे. मौखिक इतिहास आणि काव्य यांचा सांधा कोठे जुळतो व कोठे निखळतो, हे विद्यार्थ्यांना कानानेच समजते. १९६२ मध्ये राजस्थानातील देवळी येथे डांबलेल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या भारतीय रहिवाशांचा विषय त्यांच्यापैकी कोणी काढलाच, तर तासिका अपुरी पडेल.