ध्वनिमुद्रिकेचे परीक्षण : विस्ताराचा प्रश्न

ध्वनिमुद्रिकेचे परीक्षण किती विस्तृत असावे, हे मुद्रिकेच्या लांबीवरून ठरत नाही. अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांची 'जमुना के तीर' ही भैरवी अवघ्या तीनेक मिनिटांची; पण तीतील स्वरलगावाचा विचार करू लागल्यास पाने अपुरी पडतात. उलट, अमीर खाँ यांच्या ज्या दीर्घमुद्रिकेची एक बाजू मारव्याने आणि दुसरी दरबारीने व्यापली आहे, तिच्यातील प्रत्येक आलापाचा जमाखर्च मांडल्यास हाती केवळ टिपण उरते. मारव्यातला षड्ज किती संयमाने लांबणीवर टाकला आहे, एवढे नेमके सांगितले तरी पुष्कळ झाले.

भोसल्यांच्या काळापासून मराठी वस्ती असलेल्या जबलपुरातील रसिकाला पुण्या-मुंबईच्या बैठका दूरच्या. त्याची मैफल बव्हंशी तबकडीनेच भरविली. त्याला चिजांची यादी देऊन काय साधणार? ती वेष्टनावर छापलेलीच असते. केशवराव भोळे यांनी 'एकलव्य' या नावाने केलेले लेखन आजही वाचवते, ते त्यामागे गाणाऱ्याचा कान असल्यामुळे. ज्या जागेसाठी श्रोता सुई पुन्हा मागे नेईल, ती जागा दाखविण्यास परिच्छेद लागो की चार पाने. शब्दसंख्येचा दंडक घालणाऱ्या संपादकास मात्र हे सहसा पटत नाही.