मनगटावरचे दहा डॉलर

सप्टेंबर २०१७ मध्ये अॅपल कंपनीने आपल्या मनगटी घड्याळाची तिसरी मालिका बाजारात आणली. तिच्यातील एका प्रकारात मोबाइलच्या मनोऱ्याशी परस्पर बोलण्याची सोय होती. फोन घरी ठेवून धावायला निघालेल्या माणसाला घड्याळावरच फोन घेता येईल आणि तोही आपल्या नेहमीच्या क्रमांकावर, असे कंपनीने सांगितले. अशा जातीचे हे पहिले घड्याळ नव्हते. सॅमसंगचे 'गिअर एस' २०१४ मध्येच स्वतःचे सिमकार्ड घेऊन आले होते. पण अॅपलमुळे ही कल्पना घरोघरी पोचली आणि तिच्याबरोबर एक नवीन मासिक बिलही पोचले.

अमेरिकेतील मोबाइल कंपन्यांनी या घड्याळासाठी दरमहा दहा डॉलर जादा आकारायचे ठरवले. पहिले तीन महिने फुकट, पुढे दहा डॉलर, आणि कर वेगळे. घड्याळाच्या साध्या प्रकाराची किंमत ३२९ डॉलरपासून सुरू होत होती, तर मोबाइल जोडणीच्या प्रकाराची ३९९ पासून. म्हणजे खरेदीतच ७० डॉलरचा फरक. त्यात दोन वर्षांतील २१ महिन्यांचे २१० डॉलर मिळवले, की या एका सोयीचे २८० डॉलर होतात. घड्याळ तीन वर्षे वापरले तर ३३ महिन्यांचे ३३० आणि वरचे ७० मिळून ४०० डॉलर, म्हणजे जोडणीसकट संपूर्ण घड्याळाच्या किमतीहून एक डॉलर जास्तच! त्या वेळच्या बहुतेक परीक्षणांत पडद्याची चमक, पट्ट्याचे रंग आणि बॅटरी यांवर परिच्छेदच्या परिच्छेद होते, आणि ही बेरीज मात्र शेवटच्या एखाद्या ओळीत उरकलेली होती. आठवी-नववीचा विद्यार्थी जी बेरीज करू शकतो, ती परीक्षकांनी ग्राहकावर का सोडावी हे मला कळलेले नाही.

परंतु माझा आक्षेप नुसत्या महागाईवर नाही. महाग वस्तू कोणी घ्यावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. आक्षेप आहे तो या आकाराच्या समर्थनावर. "घड्याळाला स्वतंत्र जोडणी लागते, म्हणून स्वतंत्र पैसे लागतात" असे सांगितले जाते, आणि ते ऐकताना तंत्रज्ञानाचा एखादा नियमच आपण ऐकत आहोत असे वाटते. विधानाचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा त्यातून निघतो का, हे तपासायला हवे.

प्रथम घड्याळ मनोऱ्यावर किती भार टाकते ते पाहू. मोबाइलवरील चांगल्या प्रतीच्या संभाषणासाठी आवाजाचे जे अंकीय रूपांतर करतात, त्याचा एक प्रचलित वेग सेकंदाला १२.६५ किलोबिट आहे. एका तासाचे ३,६०० सेकंद. गुणाकार करून आठाने भागले की सुमारे ५.७ मेगाबाइट येतात. आता या घड्याळाची बॅटरी मोबाइल जोडणीवर बोलताना सुमारे एक तास पुरते, असे खुद्द कंपनीनेच सांगितले होते. तेव्हा एखाद्या बोलघेवड्या माणसाने रोज बॅटरी संपेपर्यंत घड्याळावर गप्पा मारल्या, तरी महिन्याचे झाले १७१ मेगाबाइट. पाकिटांवरचे पत्ते, म्हणजे माहितीबरोबर जाणारा जादा मजकूर धरून दुप्पट करा. साडेतीनशेच्या आत बाहेर आपण थांबतो. यापुढे जायला बॅटरीच परवानगी देत नाही! भौतिकशास्त्राने घालून दिलेली ही कमाल मर्यादा आहे, आणि ती 'अमर्याद' योजना घेतलेल्या ग्राहकाच्या वापरात किरकोळच म्हणावी लागेल.

संगीताचे गणित थोडे वेगळे आहे. सेकंदाला २५६ किलोबिट या दराने तासाला ११५ मेगाबाइट लागतात. रोज तासभर गाणी ऐकणाऱ्याचे महिन्याला साडेतीन गिगाबाइट होतील. हा आकडा क्षुल्लक नाही. पण इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, आणि माझ्या मते सगळ्या वादाचे मर्म तीच आहे. हे घड्याळ आधी ब्लूटूथने जवळचा फोन शोधते. तो नसेल तर ओळखीचे वाय-फाय शोधते. दोन्ही नसतील तेव्हाच ते मनोऱ्याकडे वळते. म्हणजे ज्या तासात घड्याळ मनोऱ्यावरून गाणे वाजवते, त्या तासात मालकाचा फोन घरी टेबलावर पडलेला असतो. माणसाला कान दोनच असतात. तो एकाच वेळी दोन्हींवर गाणी ऐकत नाही, दोन्हींवर बोलतही नाही. घड्याळावरचा बराचसा वापर हा नवा नसून फोनवरून सरकलेला वापर आहे, आणि फोनवरच्या त्या वापराचे पैसे ग्राहकाने आधीच भरलेले आहेत. फोन घरी असतानाही टपाल आणि निरोप घेत राहतो आणि येणारा फोन दोन्हीकडे वाजतो, ही थोडी दुहेरी हमाली खरी. पण ती थोडीच.

कंपन्यांच्या बाजूने म्हणण्यासारखेही काही आहे, आणि ते त्यांच्या जाहिरातींत कधी येत नाही म्हणून इथे सांगतो. मोबाइलच्या ८५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते. (प्रकाशाच्या वेगाला वारंवारितेने भागा.) सोयीच्या अँटेनाची लांबी तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे ८.८ सेंटिमीटरच्या आसपास असावी लागते. २०१७ चे हे घड्याळ होते ३८ किंवा ४२ मिलिमीटर उंचीचे. जागा इतकी अपुरी, की अॅपलने पडद्यालाच अँटेनाचे काम दिले. त्यात ते टेकलेले मनगटावर. आणि शरीरातील पाणी रेडिओलहरींची ऊर्जा खाते. फोनमध्ये संदेश टिपण्यासाठी दोन वा अधिक अँटेना बसतात, तशी चैन इथे नाही. दुबळा संदेश नीट पोचावा म्हणून मनोऱ्याला तीच माहिती अधिक सावकाश, अधिक जपून पाठवावी लागते. तेव्हा घड्याळाचा एक मेगाबाइट मनोऱ्याला फोनच्या एका मेगाबाइटपेक्षा महाग पडतो, हे मान्य. पण हा हिशेब मेगाबाइटमागे झाला. महिनाभर घड्याळ कपाटात ठेवणाऱ्यालाही तेच दहा डॉलर पडतात, ते या हिशेबात कुठे बसतात?

राहिली 'स्वतंत्र जोडणी'. घड्याळात सिमकार्ड घालायची खाच नाही. सिमचे काम करणारी चकती आतच पक्की बसवलेली असते आणि तिच्यात ग्राहकाची ओळख हवेतून उतरवली जाते. हेच ई-सिम. जाळ्याच्या दृष्टीने घड्याळ हा वेगळा ग्राहक असतो. त्याची ओळखसंख्या वेगळी, गुप्त किल्ली वेगळी. अमेरिकेत तर घड्याळाला स्वतःचा एक वेगळा फोन क्रमांकही असतो, फक्त तो वापरात येत नाही. मालकाचा क्रमांक त्यावर पांघरलेला असतो. हे पांघरूण घालणारी संगणकप्रणाली उभी करायला, ती चालवायला आणि ग्राहकांच्या तक्रारी ऐकायला खर्च येतो. पण प्रणाली एकदाच उभी करायची असते, आणि नोंदवहीत एक नाव वाढवायला पडणारा खर्च महिन्यामहिन्याला नव्याने पडत नाही. त्यातून, अमेरिकेतील अनेक राज्यांत ९११ या आणीबाणीच्या सेवेचा आकार दर जोडणीमागे घेतला जातो. म्हणजे कंपनी जोडण्या मोजते आणि सरकारही जोडण्याच मोजते. एकाच माणसाच्या खिशात एक आणि मनगटावर एक, अशा दोन जोडण्या! धावताना ठेच लागून तो पडला, तर मदत मात्र एकच लागणार.

हे दहा डॉलर खर्चावरून ठरले नव्हते, याचा पुरावा एका कंपनीने स्वतःच दिला. टी-मोबाइलने आरंभी दहा डॉलरमध्ये सेकंदाला ५१२ किलोबिट एवढा मंद वेग देऊ केला. पूर्ण वेग हवा असेल तर २५ डॉलर. आता ५१२ ला १२.६५ ने भागून पाहा. या 'मंद' वेगात आवाजाची चाळीस संभाषणे मावतात, आणि २५६ किलोबिटचे संगीत तर दोनदा वाजते. दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर यापेक्षा मोठे असे काय बघायचे होते? ग्राहकांनी आरडाओरडा केला, आणि काही दिवसांतच कंपनीने पूर्ण वेगही दहा डॉलरलाच देऊन टाकला. त्या चार दिवसांत मनोरे स्वस्त झाले नव्हते, की वारंवारितांचे पट्टे वाढले नव्हते. खर्च भरून काढण्यासाठी लावलेले पंधरा डॉलर असे एका घोषणेने विरघळत नाहीत. माणूस किती सोसेल याचा तो अंदाज होता. अंदाज चुकला, तो दुरुस्त केला गेला.

दुसरा पुरावा आपल्याकडचा आहे. हेच घड्याळ मे २०१८ मध्ये जिओ व एअरटेल यांच्या जाळ्यांवर भारतात आले. जिओने त्या वेळी या सोयीसाठी काहीही जादा आकार घेतला नाही. तेव्हा दहा डॉलरचे सुमारे पावणेसातशे रुपये होत. त्याच महिन्यात जिओने १९९ रुपयांची मासिक पोस्टपेड योजना काढली होती, २५ गिगाबाइटसह. म्हणजे अमेरिकेत केवळ घड्याळाच्या पुरवणीला जेवढे पडत, त्यात इथे तीन माणसांचे फोन महिनाभर चालले असते. दोन देशांतील मजुरी आणि क्रयशक्ती यांत फरक आहे हे खरे. पण त्या फरकाने दहाचे तीन होतील, चार होतील, शून्य होणार नाही. प्रयोगशाळेत एकाच वस्तूची दोन मापे इतकी वेगळी आली, तर आपण वस्तूवर नव्हे, मोजपट्टीवर संशय घेतो.

मात्र शून्य हे खरे माप आणि दहा हे खोटे, असेही समजू नये. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने फुकट सेवेनेच बाजारात प्रवेश केला होता, आणि २०१८ मध्येही कंपन्यांची दरस्पर्धा चालूच होती. अशा महागड्या घड्याळांचे मालक थोडे. त्यांना फुकट सोय देऊन ओढून घेणे हा स्वस्तातला सौदा होता. फोन आणि घड्याळ एकाच कंपनीच्या जाळ्यावर असायला हवेत, अशी अट असते. फोनची कंपनी बदलायची तर घड्याळाची जोडणीही मोडून नव्याने जोडावी लागते, आणि नव्या कंपनीकडे ही सोय असेलच असे नाही. 'फुकट'ची ही किंमत बिलात दिसत नाही. शिवाय भारतात फरकाची मोठी रक्कम खरेदीच्या वेळीच मोजावी लागते. २०२४ च्या दहाव्या मालिकेत साधे घड्याळ ४६,९०० रुपयांपासून होते आणि मोबाइल जोडणीचे ५६,९०० पासून. त्या जादा दहा हजारांतून एक मोडेम, त्याची अँटेना आणि ई-सिम हाती येते. घेणाऱ्याने विचारायचा प्रश्न असा, की महिन्यातून किती तास मी फोनपासून दूर आणि तरीही फोनवर असणार आहे?

परदेशातील नातेवाइकांकडून घड्याळ मागवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तिसऱ्या मालिकेत अमेरिकेत विकलेल्या आणि भारतात विकलेल्या घड्याळांचे वारंवारिता-पट्टे वेगळे होते. त्यामुळे न्यू जर्सीहून प्रेमाने आणलेले घड्याळ पुण्यात वेळ बरोबर दाखवी, फोनच्या जोडीने इतर कामेही करी, पण मनोऱ्याशी त्याचे जमत नसे. परदेशात स्वतःच्या योजनेवर चालण्याची सोय अॅपलच्या घड्याळांना २०२२ मध्ये आली, आणि तीही पाचव्या मालिकेपासून पुढच्यांनाच. तोवर महिनाभर सुटीला इकडे आलेल्या अमेरिकास्थित मालकाचे घड्याळ मुके राही आणि दहा डॉलर मात्र तिकडे भरले जात.

सप्टेंबर २०२५ मध्ये अॅपलने या घड्याळांत ५-जी आणले. त्यासाठी वापरलेला 'रेडकॅप' हा ५-जीचा प्रकार लहान उपकरणांसाठीच बेतलेला आहे: अरुंद पट्टा, कमी अँटेना, कमी वीज. वर ज्या अडचणी मी कंपन्यांच्या बाजूने मांडल्या, त्यांतल्या काही यामुळे हलक्या होतील. मासिक आकार त्या प्रमाणात खाली येतो का, हे बिले पाहूनच कळेल.

एका ठिकाणी मात्र वेगळा आकार मला योग्य वाटतो. २०२० पासून अॅपलने, फोन नसलेल्या मुलाच्या किंवा वृद्धाच्या मनगटावर घड्याळ बांधून ते घरातल्या दुसऱ्याच्या फोनवरून चालवण्याची सोय दिली. तिथे घड्याळाला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो क्रमांक खरोखर वापरात असतो. शाळा सुटल्यावर आईला केलेला फोन हा त्या मुलाचा स्वतःचा फोन आहे. तो कुठून सरकून आलेला नाही. जाळ्यावर एक माणूस वाढला, तर एका माणसाचे पैसे घ्यावेत. फक्त ते घेतानाही त्या माणसाची बॅटरी दिवसाला तासभराच्या बोलण्यालाही जेमतेम पुरते, हे लक्षात ठेवून दर ठरवायला हरकत नाही.