मलंगगडच्या सत्पुरुषानें इंग्रज घालविले काय ?

कल्याणच्या दक्षिणेस असलेल्या मलंगगडाविषयीं ठाणें जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियराच्या चौदाव्या खंडांत (१८८२) एक आख्यायिका दिली आहे. इंग्रज इ. स. १७८० मध्यें या प्रांतांत आले व दोनच वर्षांनीं निघून गेले. हा प्रताप गडावर समाधिस्थ असलेल्या सत्पुरुषाचा, असें लोकांनीं मानिलें. आणि पेशव्यांनीं काशिनाथपंत नांवाच्या कल्याणच्या ब्राह्मणाबरोबर मोत्यांची झालर असलेलें भरजरी आच्छादन समाधीस पाठविलें. या सत्पुरुषास कोणी हाजी मलंग म्हणतात, कोणी मच्छिंद्रनाथ. तो वाद येथें प्रस्तुत नाहीं. मृत पुरुषाच्या सत्तेनें जिवंत पलटणी हटल्या काय, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

आख्यायिका सर्वस्वीं निराधार नाहीं. इंग्रजांनीं १७८० सालीं कल्याण घेतलें आणि ता. १७ मे १७८२ रोजीं झालेल्या सालबाईच्या तहानें तें मराठ्यांकडे परत आलें. सन जुळतात. परंतु एकामागून दुसरें घडलें म्हणून पहिलें दुसऱ्याचें कारण ठरत नाहीं. कावळा बसण्यास आणि ताडाचें फळ पडण्यास गांठ पडली, तर फळ कावळ्यानें पाडलें असें शास्त्रकार मानीत नाहींत.

कार्यकारणभाव अन्वय आणि व्यतिरेक यांनीं पारखावा, असा आपल्या नैयायिकांचा दंडक आहे. तो येथें लावून पाहूं. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनीं डिसेंबर १७७४ मध्यें घेतला. तेंही याच गडाच्या टापूंत. पण सालबाईच्या तहानें ठाणें आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिलीं. म्हणजे मानिलेलें कारण होतें, कार्य झालें नाहीं. उलट वसई ठाण्याहून अधिक दूर. ती इंग्रजांनीं डिसेंबर १७८० मध्यें घेतली असतांही याच तहानें परत मिळाली. समाधीच्या प्रभावाची मर्यादा ठाणें वगळून वसईस पोंचते, असें म्हणण्यास कोणी भाविकही धजणार नाहीं.

मग खरें कारण कोणतें ? ऑगस्ट १७८० मध्यें कॅप्टन अ‍ॅबिंग्टन यानें रात्रीं छापा घालून मलंगगडाचा खालचा भाग घेतला. शिबंदी वर चढून गेली आणि वरचा किल्ला तिनें सोडला नाहीं. इतक्यांत मराठी फौजेनें अ‍ॅबिंग्टनचा कल्याणशीं संबंध तोडला; वेढा घालणारा स्वतःच वेढ्यांत सांपडला. कर्नल हार्टले येईपर्यंत त्याची सुटका झाली नाहीं. पुढें १७८१ च्या वसंतांत बोरघाटांतून जनरल गॉडर्डला पनवेलीकडे परतावें लागलें. तिकडे कर्नाटकांत हैदरअल्लीनें इंग्रजांस जेरीस आणिलें होतें, आणि महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनें तह ठरला.

समाधि खालच्या माचीवर आहे, बालेकिल्ल्यावर नव्हे. तेव्हां इंग्रज खालच्या भागापर्यंत आले आणि वरच्या शिबंदीनें अडविले, हें लक्षांत घेतां गड राखण्याचें श्रेय कोणाचें, हें निराळें सांगावयास नको.

याच गॅझेटियरांत पुढची हकीकत अधिक बोधप्रद आहे. समाधीच्या व्यवस्थेविषयीं तंटा पडला. १८१७ सालीं इंग्रज कलेक्टरानें सत्पुरुषाची इच्छा जाणण्याकरितां चिठ्ठ्या टाकविल्या. तीन वेळां टाकिल्या, तिन्ही वेळां काशिनाथपंतांच्या पक्षाची चिठ्ठी निघाली. ज्यांना घालविल्याबद्दल आच्छादन पाठविलें, त्यांच्याच अंमलदारानें पस्तीस वर्षांनीं तेथें निवाडा करावा, आणि तरीही आख्यायिकेस धक्का लागूं नये, हें लोकश्रद्धेच्या अभ्यासकानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

तात्पर्य, आच्छादन हा कृतज्ञतेचा पुरावा आहे. इंग्रज कां गेले याचा नव्हे. भाविकानें समाधीस नमस्कार अवश्य करावा, त्यास इतिहासाची हरकत नाहीं. मात्र ज्या शिबंदीनें पावसाळ्याच्या दिवसांत वरचा किल्ला झुंजविला, तिला या कथेंत एका शब्दाचीही जागा नाहीं. संकट टळलें कीं तें दैवतानें टाळलें असें म्हणण्यांत नम्रता आहे खरी. पण त्या नम्रतेचें मोल ज्यांनीं संकट अंगावर घेतलें त्यांना द्यावें लागतें. संशोधकानें तें ऋण त्यांच्या नांवें जमा करावें.