लेबल काढल्यावर

"मी ब्लेंड घेत नाही." हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं आपल्या मंडळींच्या घरी इतक्या वेळा म्हटलंय की यजमान आता मला विचारतही नाहीत. कार्यक्रम संपतो, हॉलच्या किल्ल्या परत जातात, कोणाच्या तरी दिवाणखान्यात उरलेल्या बटाटेवड्यांबरोबर बाटली निघते आणि माझ्यापुढे निमूटपणे सिंगल माल्ट येते. मी ग्लास उजेडात धरतो, नाक घालतो आणि दोन शब्द बोलतो. ऐकणारे सोशिक आहेत.

गेल्या दिवाळीनंतर एका मित्राने हा प्रकार कायमचा थांबवायचं ठरवलं असावं. त्याने पाच जणांना बोलावलं आणि प्रत्येकापुढे सहा-सहा ग्लास मांडले. व्हिस्कीसाठी असतात तसे तोंडाशी निमुळते, वास कोंडून धरणारे. बाहेरून स्वयंपाकघरातली फॉइल गुंडाळलेली, म्हणजे रंग दिसू नये. ही फॉइल फार महत्त्वाची. गडद रंग म्हणजे जुनी, मुरलेली व्हिस्की असं आपल्याला वाटतं. पण स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरॅमल घालायला कायद्याने परवानगी आहे, तेव्हा रंग पुष्कळदा काहीच सांगत नाही. २००१ साली फ्रान्समध्ये बोर्डोच्या संशोधकांनी वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन तांबडा रंग घालून दिली होती, आणि मुलांनी तिचं वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केलं. नाकाच्या आधी डोळ्यांनी निकाल दिला होता.

व्हिस्की आतल्या खोलीत वहिनींनी ओतली. कुठल्या आकड्याला काय, हे मित्रालाही ठाऊक नव्हतं. यजमानाचा चेहरा वाचून उत्तर काढायची सोयही गेली. प्रत्येक ग्लासला वीसपैकी गुण द्यायचे, शेरा लिहायचा आणि कागद उलटा ठेवायचा. बोलायचं नाही. मला सगळ्यात जड गेलं ते हेच.

आता माझा कागद जसाच्या तसा.

पहिला ग्लास: "नाशपाती, गोड, सौम्य. निरुपद्रवी." १३. दुसरा: "मध, सुकामेवा, मागून अगदी हलका धूर. उत्तम तोल. बहुधा स्पेसाइडची चांगली मुरलेली माल्ट." १७. तिसरा: "दणकट. धूर आहे पण मसालाही आहे. कुठली ते कळत नाही." १६. चौथा: "लागावूलिन!!" १९. (उद्गारचिन्हं मूळचीच.) पाचवा: "पाणचट, सपक. स्वस्त ब्लेंड." ११. सहावा: "गुळाचा आणि इसेन्सचा वास. भारतीय. मळीची." ६.

वहिनींनी यादी वाचली. पहिली ग्लेनफिडिक १२. तिसरी बंगलोरची अमृत फ्यूजन. चौथी खरंच लागावूलिन १६, आयला बेटावरची. (बेटाचं नाव मराठी माणसाने उच्चारलं की आधीच दाद दिल्यासारखं वाटतं.) सहावी मित्राने पुण्याहून आणलेली, मिलिटरी कँटीनमध्ये मिळते त्यातली. आणि दुसरी व पाचवी एकच. एकाच बाटलीतली. जॉनी वॉकर ब्लॅक लेबल. ब्लेंड.

हसण्याचा जो काही स्फोट व्हायचा तो झाला. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. एकाच इनपुटला दोन वेगळे आउटपुट आले तर इनपुटला दोष द्यायचा नसतो, एवढं मला कळतं.

तरी थोडी वकिली करतो, कारण या मैफिलीची मांडणीही निर्दोष नव्हती. लागावूलिनसारख्या धुराने भरलेल्या व्हिस्कीनंतर जिभेला काही काळ दुसरं काही सुचत नाही, त्यामुळे पाचव्या ग्लासचं नशीब चौथ्यानेच ठरवलं होतं. प्रत्येकाला वेगळा क्रम द्यायला हवा होता. फ्यूजन ५० टक्के अल्कोहोलची, ग्लेनफिडिक ४० ची. पाणी घालून सगळ्यांची ताकद सारखी केली नाही तर जास्त दणका तीच जास्त गुणी वाटते. आणि मी काही एकटा नाही. कॅलिफोर्नियातल्या राज्य जत्रेच्या वाइन स्पर्धेत परीक्षकांना नकळत एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली, तेव्हा जेमतेम दहा टक्के परीक्षकांचे निकाल आपापसात जुळले. ते पाहणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले, आणि ते वाचून मी त्या रात्री जरा शांत झोपलो.

पण खरी खुपणारी गोष्ट दुसरी आहे. सहापैकी दोन ग्लास माझ्यासाठी झाकलेले नव्हतेच. लागावूलिन मी वासावर ओळखली आणि ओळखल्याबरोबर १९ दिले. ते गुण व्हिस्कीला की नावाला? सहावीही ओळखली आणि ६ दिले. फॉइल बाहेरून होती, लेबल माझ्या डोक्यात चिकटलेलं होतं. जिथे ओळख पटली तिथे मी जुनं मत पुन्हा लिहून काढलं. जिथे पटली नाही तिथे एकाच व्हिस्कीला सहा गुणांच्या फरकाने दोनदा मोजलं. निनावी चाखण्याचे गोडवे गाणारे हे सहसा सांगत नाहीत. नाव झाकलं म्हणजे पूर्वग्रह जातो असं नाही. जाणकार जितका मोठा, तितकं त्याच्यापासून नाव झाकणं अवघड.

सहाव्या ग्लासचा मला त्रास होण्याचं कारण सांगतो. २००४ साली मी ग्लासगोला एम.एस्सी. करत होतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमृत कंपनीने आपली सिंगल माल्ट तिथेच बाजारात आणली. कंपनीचे मालक बंगलोरचे, आडनाव जगदाळे. नाव न सांगता त्यांनी ती ग्लासगोतल्या लोकांना आधी चाखवली होती आणि लोकांना ती स्कॉटलंडचीच, चांगली मुरलेली वाटली होती. बंगलोरच्या हवेत पिंपातली दहा-बारा टक्के व्हिस्की दर वर्षी उडून जाते, स्कॉटलंडमध्ये साधारण दोन. म्हणून तिकडे चार-पाच वर्षांतच ती भरपूर मुरते. पुढे जिम मरेने आपल्या २०१० च्या 'व्हिस्की बायबल'मध्ये फ्यूजनला ९७ गुण देऊन जगात तिसरी ठरवली. पण २००४ मध्ये मी हे ऐकून हसलो होतो. तेवीस वर्षांचा होतो आणि आठ महिन्यांत स्कॉच शिकलो होतो.

त्याच दिवाळीला साताऱ्याला घरी गेलो. बाबा फौजेतून निवृत्त. त्यांनी कँटीनच्या कोट्यातली बाटली काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला समोर बसवून ग्लास भरला. आणि मी व्याख्यान दिलं. युरोपच्या कायद्याने व्हिस्की धान्याचीच हवी. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांत मळीचा स्पिरिट असतो. तेव्हा ही व्हिस्की नव्हेच, फार तर रमची चुलत बहीण. एक शब्द चुकीचा नव्हता. बाबांनी ऐकून घेतलं आणि बाटली कपाटात ठेवली. त्यानंतर त्यांनी मला कधी बसायला बोलावलं नाही.

यंदा जानेवारीत गेलो तेव्हा बाबांना विचारलं, "तुमच्या बाटलीचा एक खेळ करूया का?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. सोपी चाचणी: तीन ग्लास, दोघांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात वेगळी, वेगळा कुठला ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतं. घरात फॉइल नव्हती, म्हणून आईने स्टीलचे पेले दिले आणि तिनेच आत जाऊन ओतलं. दोनांत बाबांची, एकात मी विमानतळावर घेतलेली ब्लॅक लेबल.

बाबांनी घोट घेतलाच नाही. तिन्ही पेले नाकाखालून फिरवले. "ह्या दोन आपल्या. हे तुझं कायतरी."

"बरोबर. पण चांगली कुठली?"

"अरे, आता सांगितलं की."

"किंमत माहीत आहे का त्याची?"

"असेल जास्त. धुराचा वास येतोय, घसा धरेल." त्यांनी तिसरा पेला माझ्याकडे सरकवला, आपले दोन्ही एकात केले, वर सोडा ओतला आणि आईला शेंगदाणे मागितले. मी त्यांच्या पेल्यातला एक घोट मागितला. गुळाचा वास होताच. तरी बाबांनी माझ्यासाठी दुसरा पेला भरला, आणि मी काही बोललो नाही.