कालौघातील नाव आणि तिचे प्रवासी

काळाच्या प्रवाहात मागे जाण्याची कल्पना अद्भुतरम्य कादंबरीला नवी नाही. एच. जी. वेल्सने १८९५ साली त्यासाठी एक यंत्र योजले. तमिळ कादंबरीकार 'कल्की' रा. कृष्णमूर्ती (१८९९–१९५४) यांनी हा प्रवास यंत्रावाचून घडवला, आणि तोही दोन निरनिराळ्या रीतींनी. त्या दोन रीतींना वाचकांनी जो प्रतिसाद दिला त्यात इतके अंतर आहे की, त्याचा विचार केल्याखेरीज या लेखकाच्या लोकप्रियतेचे मर्म हाती लागत नाही.

पहिली रीत 'सोलैमलै इळवरसी' या लहानशा कादंबरीत दिसते. १९४२च्या चळवळीतील एक तरुण पोलिसांना चुकवत एका पडक्या किल्ल्याच्या आश्रयास येतो, आणि तेथे शंभर वर्षांपूर्वीच्या एका राजाचे आयुष्य व त्याचे एका राजकन्येवरील प्रेम तंद्रीत पुन्हा भोगतो. जिला आजच्या रूढ अर्थाने कालप्रवासाची प्रेमकथा म्हणता येईल ती हीच. तरीही वाचकांच्या मनात घर केले ते हिने नव्हे. ते भाग्य १९५० ते १९५४ या काळात 'कल्की' साप्ताहिकातून क्रमशः आलेल्या 'पोन्नियिन सेल्वन' या पाच भागांच्या प्रचंड कादंबरीला लाभले. आणि तिच्यात एकही पात्र काळ ओलांडून जात नाही.

काळ ओलांडतो तो वाचक. पहिल्याच प्रकरणाच्या आरंभी कल्की त्याला कल्पनेच्या नावेत बसण्याचे निमंत्रण देतात आणि क्षणाक्षणाला एकेक शतक मागे टाकीत ९८२ वर्षांपूर्वीच्या वीरनारायण सरोवराच्या काठी उतरवतात. हा आकडा अर्थपूर्ण आहे. 'फार फार वर्षांपूर्वी' असे कल्की म्हणत नाहीत. १९५० साली अंक हाती घेतलेल्या वाचकाच्या आजपासून ते वर्षे मोजतात. 'सोलैमलै'तील तरुणाचा प्रवास वाचक तटावरून पाहतो. येथे तो स्वतः पाण्यात आहे. भेद दिसायला लहान, पण पुढच्या साऱ्या प्रतिक्रियांचे बीज त्यात आहे.

कादंबरी संपली तेव्हा बहुसंख्य वाचक असंतुष्ट होते. शेवट फार लवकर आला, अशी त्यांची तक्रार होती. (सुमारे साडेतीन वर्षे चाललेल्या कथेविषयी हे म्हटले गेले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.) पुढे कुंदवैचे आणि वंदियदेवनाचे काय झाले, नंदिनी कोठे गेली, अशा प्रश्नांना उत्तर म्हणून कल्कींना ग्रंथास एक उपसंहार जोडावा लागला. निव्वळ कल्पित सामाजिक कथेत पात्रांची आयुष्ये हवी तेथे मिटवता येतात, इतिहासाधिष्ठित कथेत तसे करता येत नाही, असा त्यांचा त्यातील युक्तिवाद आहे. आणि तो मांडून झाल्यावर त्यांनी पात्रांच्या उत्तरायुष्याची माहितीही देऊन टाकली आहे.

कलादृष्ट्या हा उपसंहार दुबळा आहे, यात शंका नाही. शेवटच्या प्रकरणात मणिमेखलेचा मृत्यू ज्या संयमाने येतो त्यानंतर प्रश्नोत्तरांचे हे प्रकरण वाचणे म्हणजे मैफलीत भैरवी झाल्यावर हिशेबाची वही उघडण्यासारखे आहे. क. ना. सुब्रह्मण्यम यांच्यासारख्या कठोर तमिळ टीकाकारांनी कल्कींची गणना रंजनपर लेखकांत केली. त्या दृष्टीने पाहिले तर ही प्रश्नावली रंजनलोलुप वाचकवर्गाच्या बालिशपणाचा पुरावाच ठरते. साहित्य अकादमीनेही १९५६ साली कल्कींना मरणोत्तर गौरवले ते 'अलै ओसै' या सामाजिक कादंबरीसाठी. विद्वानांची आणि वाचकांची निवड अशी सरळसरळ दुभंगली. पण वाचकांना बालिश म्हणताना टीकाकारांनी एक गोष्ट नजरेआड केली. पहिल्या प्रकरणात ज्या नावेत वाचकाला बसवले ती शेवटच्या प्रकरणात काठाला लागत नाही. वाचक दहाव्या शतकातच राहतो. तेथे राहिलेला मनुष्य शेजारपाजारच्यांची विचारपूस करणार, हे स्वाभाविकच नव्हे काय? 'पुढे काय झाले' हा रहस्यकथेच्या वाचकाचा प्रश्न खरा. परंतु येथे तो परतीची वाट बंद झालेल्या प्रवाशाचाही प्रश्न आहे. उपसंहार दुबळा असला तरी प्रामाणिक आहे, कारण ज्याने नाव हाकली त्यानेच तो धक्का बांधला.

या प्रवासाचे स्वरूप कल्कींनी कादंबरीतच एके ठिकाणी, फारसा गाजावाजा न करता, उघड करून ठेवले आहे. ते ठिकाण म्हणजे तंजावरच्या उत्तरेस कावेरीकाठी वसलेले तिरुवैयारु. आदित्य करिकालनाचे पत्र घेऊन तंजावरकडे निघालेला वंदियदेवन वाटेत या गावी येतो. गावाची कीर्ती त्याने ऐकलेली आहे. संबंधरांचे पदही त्याला ठाऊक आहे. सातव्या शतकातील या बालसंताने तिरुवैयारुचे जे वर्णन केले, त्यात नर्तिकांच्या नाचाला साथ देणाऱ्या मृदंगाच्या घोषाला मेघगर्जना समजून माकडे घाबरतात आणि झाडावर चढून ढग शोधू लागतात. वंदियदेवन पाहतो तो सारे तसेच! तीनशे वर्षांत काहीच बदलले नाही, असे कादंबरीकार बजावतो.

इतिहास म्हणून हे विधान टिकणारे नाही. याच काळात चोळदेशातील विटांची देवालये दगडात बांधली जात होती. त्या कार्यासाठी विख्यात असलेली सेंबियन महादेवी तर याच कादंबरीतील एक पात्र आहे. कल्कींना हे पुरते माहीत होते. तरीही तिरुवैयारु त्यांनी स्थिर धरले, कारण तेथे वंदियदेवन हा योद्धा राहत नाही, वाचक होतो. त्याच्या कानात जुने काव्य आहे आणि समोर गाव आहे; दोहोंची सांगड पडताच तो क्षणभर तीनशे वर्षे मागे जातो. १९५० सालचा तमिळ वाचक त्याच्याकडे पाहत असतो तेव्हा तो स्वतःही नेमके तेच करीत असतो. या गावाच्या श्रद्धेलाही हा प्रवास अपरिचित नाही: कैलासाच्या ओढीने उत्तरेकडे गेलेल्या अप्परांनी तेथील सरोवरात बुडी मारली ती तिरुवैयारुच्या तळ्यात वर येण्यासाठी, आणि कैलास त्यांना दिसला तो येथेच, अशी कथा आहे. तेव्हा आज जे वाचक कादंबरी हाती घेऊन वीरनारायण सरोवर, पळैयारै, तिरुवैयारु, कोडिक्करै अशी यात्रा करतात त्यांना भाबडे म्हणण्यापूर्वी विचार करावा. त्यांना ही रीत शिकवली ती कादंबरीच्या नायकाने.

मात्र दगड कादंबरीची री ओढतोच असे नाही. वंदियदेवन कुंदवैचा पती होता याला तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील शिलालेखाचा आधार आहे. तो वाचून वाचक सुखावतो. पण तिरुवैयारुच्या पंचनदीश्वर मंदिराच्या आवारात 'उत्तर कैलास' नावाचे देवालय आहे, आणि ते बांधले राजराजाची राणी लोकमहादेवी हिने. कादंबरीचा वाचक अरुळमोळीशेजारी वानतीला पाहत आलेला असतो. येथे दुसरीच राणी आपले नाव कोरून उभी असते. वानती सिंहासनावर न बसण्याची शपथ घेते, हा प्रसंग पुष्कळांना भावविवशतेचा नमुना वाटतो. वस्तुतः तो इतिहासाने केलेल्या अडवणुकीतून काढलेला मार्ग आहे. पट्टराणी दुसरी होती हे पुसता येत नाही, म्हणून नायिकेकडूनच ते पद नाकारवून घेतले. कल्कींच्या कारागिरीचा खरा कस येथे लागतो, सुरंगांत आणि पळापळीत नव्हे.

याउलट करिकालनाच्या वधाबाबत त्यांनी मौन पत्करले. उडैयारगुडीच्या शिलालेखात वध करणाऱ्यांची नावे आणि त्यांच्या आप्तांच्या जमिनींचा निवाडा आहे, पण हेतू नाही. के. ए. नीलकंठ शास्त्री यांनी उत्तम चोळाकडे संशयाने पाहिले. पुढील काही संशोधकांना ते मान्य नाही. कादंबरीही निर्णय देत नाही, आणि वाचक सत्तर वर्षे वाद घालीत आहेत. त्यांच्या अतृप्तीवर पुढे इतर लेखकांनीही कथा रचल्या. विक्रमन यांची 'नंदिपुरत्तु नायकी' तर सरळ पुढचा भागच आहे. मणिरत्नम यांच्या २०२२ व २०२३च्या चित्रपटांत मणिमेखला गाळली गेली तेव्हा जुन्या वाचकांना ती उणीव जाणवली, हेही सयुक्तिक आहे: जिच्या मृत्यूने कादंबरी मिटते तीच नाही, तर मिटायचे कशावर?

मराठी वाचकाचा कालप्रवास निराळ्या जातीचा आहे. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत प्राध्यापक अशा जगात जातो जेथे १७६१ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. आपल्याला मागे जायचे असते ते निकाल फिरवण्यासाठी. भाऊसाहेबांच्या तोतयावर लोकांनी विश्वास ठेवला त्यामागेही हीच आस होती. 'स्वामी'चा वाचकही रमा-माधवाच्या सहवासात रमतो तो थेऊरचा शेवट टळावा असे मनात म्हणतच. तमिळ वाचकाला राजराजाच्या उदयकाळात काहीही फिरवायचे नाही. त्याला फक्त तेथे आणखी काही दिवस राहायचे आहे. म्हणून त्याच्या पत्रांत शोक कमी आणि चौकशी अधिक.

अनुवादकापुढील अडचण येथूनच सुरू होते. महाराष्ट्रातील रसिकाला तिरुवैयारु ठाऊक असते ते त्यागराजांचे गाव म्हणून. १८४७ साली ते तेथे समाधिस्थ झाले तेव्हा तंजावरच्या गादीवर भोसलेच होते. संबंधर त्याच्या कानात नाहीत. त्यामुळे मराठीत वंदियदेवनाचा तो प्रवेश केवळ स्थलवर्णन होऊन बसतो. नामदेवांचा अभंग मनात घोळवीत चंद्रभागेवर प्रथमच येणारा एखादा स्वार कल्पिला, तर मूळ अनुभवाची काहीशी कल्पना येईल. पण तो पर्याय अनुवादात योजता येत नाही, आणि टीपेने ओळख पटत नाही. ९८२ या आकड्याचेही तसेच. तो बदलून आजचा हिशेब घालावा, तर कल्कींचे १९५० साल हरवते. तसाच ठेवावा, तर वाचकाला आधी कल्कींच्या काळापर्यंत आणि तेथून पुढे चोळांपर्यंत, अशा दोन नावा कराव्या लागतात. तमिळ वाचक आज तेच करतो. छापील आकडा तसाच आहे आणि वर्षे हजाराच्या पुढे गेली आहेत.